लॉकरची दुसरी किल्ली

बडोद्याला बँकेत असताना काही वर्षं लॉकरचं काम माझ्याकडे होतं. लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतो, एक खातेदाराची, दुसरी बँकेची. ते योग्यच, कारण लॉकर भाड्याचा असतो. पण रोख मोजून घरी आणलेल्या वस्तूची दुसरी किल्ली विकणाऱ्याकडेच राहिली तर? टीव्हीवरच्या खेळांचं नेमकं हेच झालं.

१९९२ साली रावपुऱ्यातून चिरंजिवांसाठी व्हिडिओ गेम आणला. सोसायटीतली पोरं आपापल्या कॅसेटी घेऊन यायची आणि कुणाचीही कॅसेट आमच्या डब्यात चालायची. नाही चालली तर काढायची, फुंकर मारायची, परत लावायची.

तेव्हा ठाऊक नव्हतं, पण असे डबे म्हणजे निन्टेन्डोने १९८३ साली जपानात काढलेल्या फॅमिकॉमच्या नकला. मूळ यंत्राला कुलूप नव्हतं, म्हणून नकलेलाही नव्हतं. तेच यंत्र १९८५ साली अमेरिकेत नेताना मात्र कंपनीने आत कुलपाची चिप बसवली. कॅसेटमध्ये जोडीची चिप नसली तर यंत्र पुन्हापुन्हा पहिल्यापासून सुरू होत राही. कॅसेटी कंपनीच बनवून देणार आणि परवाना घेणाऱ्याने वर्षाला पाचच खेळ काढायचे. याला कारणही होतं. १९८३ मध्ये रद्दी खेळांचा पूर येऊन अमेरिकेतला हा धंदा पार बसला होता. हात पोळलेली बँक पुढच्या कर्जाला जास्त कागद मागते, तसंच.

१९९७ साली घरी असेम्बल केलेला कॉम्प्युटर आला. रोज काहीतरी कटकट. कधी व्हायरस, कधी आवाजच येईना. सौ. म्हणायची, "अहो, त्या डब्याचं बरं होतं, बटण दाबलं की सुरू." खरंच होतं ते. पण याच कॉम्प्युटरवर खेळता खेळता मुलाने बेसिकमध्ये चक्रवाढ व्याजाचा प्रोग्रॅम लिहिला आणि माझा हातचा हिशेब ताडून पाहिला. त्याला कुणाचा परवाना लागला नाही. त्याची रोजीरोटी पुढे तिथूनच सुरू झाली.

दुसऱ्या किल्लीचा खरा अर्थ जगाला कळला तो २०१० साली. सोनीच्या प्लेस्टेशन ३ च्या सुरुवातीच्या मॉडेलांवर लिनक्स टाकून त्याचा कॉम्प्युटर करता येत असे. त्या एप्रिलमध्ये कंपनीने एका अपडेटने ती सोय काढून घेतली. अपडेट नको म्हणाल, तर ऑनलाइन खेळणं बंद. विक्री होऊन गेल्यावर मालातला एक भाग परत नेल्यासारखंच हे.

आमच्याकडेही चटका बसला. नातवाच्या डब्याचं खातं, कंपनीचं नाव नको, काही कारणाने बंद पडलं आणि तीन वर्षांत विकत घेतलेले खेळ त्याच्यासोबत गेले. पोरगं रडवेलं होऊन म्हणालं, "आजोबा, पैसे तर आपण भरले होते ना?" पावत्या माझ्या फायलीत होत्या. उपयोग शून्य.

त्या दिवाळीत मुलाने जुना कॉम्प्युटर हॉलमधल्या टीव्हीला जोडून दिला. मी माळ्यावरून १९९२ चा डबा काढला. कॅसेटला फुंकर मारली, दुसऱ्या फुंकरीला सुरू झाला.