डिरेलर गिअर (सायकल)

डिरेलर ही सायकलीची साखळी एका दातेरी चक्रावरून शेजारच्या चक्रावर सरकवणारी यंत्रणा आहे. हँडलवरील गिअरकळ, तिच्यापासून निघणारी पोलादी तार, तारेवरील आवरण (आउटर) आणि पुढचा व मागचा डिरेलर हे तिचे मुख्य भाग होत. जुन्या माउंटन बाइकमध्ये बहुधा पॅडलजवळ ३ आणि मागील चाकावर ६ किंवा ७ चक्रे असतात. म्हणून अशा सायकलीस १८ किंवा २१ गिअरची सायकल म्हणतात.

इतिहास

टूर द फ्रान्स शर्यतीत १९३७ पर्यंत डिरेलर वापरण्यास मनाई होती. इटलीच्या कंपान्योलो कंपनीने १९५० च्या सुमारास समांतरभुज रचनेचा डिरेलर बाजारात आणला, तर जपानच्या सनटूर कंपनीने १९६४ मध्ये त्यास तिरपी बैठक दिली. आजचे बहुतेक मागचे डिरेलर याच रचनेचे वंशज आहेत. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७० च्या दशकात माउंटन बाइक उदयास आली. पुढे शिमानो कंपनीने १९८४ मध्ये टप्पेदार गिअरकळ आणली व काही वर्षांतच ती माउंटन बाइकवरही रूढ झाली.

त्यापूर्वीची कळ केवळ घर्षणावर थांबत असे आणि साखळी नीट बसली की नाही हे स्वार कानाने व पायाने ओळखत असे. टप्पेदार कळीत हे काम यंत्राकडे गेले. सोय झाली, पण चुकीला वाव उरला नाही. शिमानोच्या सात चक्री संचात दोन चक्रांच्या मध्यांतील अंतर सुमारे ५ मिलिमीटर असते आणि तार १ मिलिमीटर सरकली की डिरेलर सुमारे १.७ मिलिमीटर सरकतो. त्यामुळे तारेतील किंचित ढिलेपणाही गिअर अडखळण्यास पुरेसा ठरतो.

महाराष्ट्रातील वापर

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात आणि ग्रामीण महाराष्ट्रातही दीर्घकाळ बिनगिअरची काळी सायकलच प्रचलित होती. गिअरची खरी गरज घाटात भासते. मुंबई–पुणे सायकल शर्यतीतील बोरघाट आणि साताऱ्याजवळचा यवतेश्वर घाट ही त्याची परिचित उदाहरणे होत. सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यासारख्या पर्जन्यछायेतील माणदेशी भागात यंत्रणेचा मोठा शत्रू चढ नसून धूळ आहे. तेलकट साखळीवर बसलेली बारीक माती तेलात मिसळून घासकागदासारखे काम करते. अशा भागात साखळीला सढळ हाताने तेल सोडण्याची सवय हितापेक्षा अहितच अधिक करते. प्रत्येक सांध्यावर एक थेंब सोडून उरलेले तेल फडक्याने पुसणे पुरेसे असते.

बिघाड व निदान

गिअर बिघडताच डिरेलरवरील दोन मर्यादा-स्क्रू फिरवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. हे स्क्रू डिरेलरची आतली व बाहेरची शेवटची सीमा ठरवतात. मधल्या गिअरांशी त्यांचा काहीही संबंध नसतो. ते सहसा आपोआप ढिले होत नाहीत. मात्र आतल्या सीमेचा स्क्रू चुकीने सैल झाल्यास ऐन चढावर साखळी मोठ्या चक्राच्या पलीकडे पडून आऱ्यांत अडकते, डिरेलर तुटतो आणि स्वार रस्त्यावर आपटू शकतो. म्हणून त्यांना शेवटी हात लावणे इष्ट.

साखळी लहान चक्रावरून मोठ्या चक्रावर चढण्यास कुरकुरत असेल, तर तार ढिली झालेली असते. मागच्या डिरेलरमध्ये तार जिथे शिरते तेथील ताण-नळी मागून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने पाव-पाव फेरा फिरवावी व दर वेळी चाक उचलून गिअर बदलून पाहावा. नवीन तार पहिल्या काही दिवसांत आवरणात बसते, तेव्हा हा ढिलेपणा स्वाभाविकच असतो.

याउलट साखळी मोठ्या चक्रावरून लहान चक्रावर उतरण्यास वेळ लावत असेल, तर दोष बहुधा ताणात नसतो. उतरताना डिरेलरला केवळ त्याची स्प्रिंग ओढते आणि आवरणात गंज वा माती असल्यास ती दुबळी पडते. मागच्या डिरेलरजवळचा आवरणाचा शेवटचा वळसा प्रथम तपासावा; पाणी व धूळ तेथेच साचते. साखळी सर्वांत मोठ्या चक्रावर आणून, सायकल थांबवून, पॅडल न फिरवता कळ सर्वांत लहान गिअरवर नेली की तार सैल होते. चौकटीवरील आधारांना खाच असल्यास आवरण हाताने बाहेर निघते व तार पुसता येते. आवरण बदलताना ते गिअरचेच घ्यावे. ब्रेकच्या आवरणातील तार वेटोळी असते, ती दाबाखाली आखडते आणि टप्पे चुकू लागतात.

कळ दाबल्यावर ती नुसती पोकळ हलते व तार ओढलीच जात नाही, हा जुन्या सायकलींचा खास विकार आहे. अनेक मालक अशी कळ मोडली समजून टाकून देतात. वास्तविक अनेकदा आतील ग्रीस वर्षानुवर्षे वाळून चिकट झालेले असते आणि त्यामुळे टप्प्यांचे खटके परत जागेवर येत नाहीत. पातळ भेदक तेल फवारून कळ पन्नासेक वेळा दाबल्यास ती पुष्कळदा पूर्ववत चालते. त्यानंतर हलक्या तेलाचे काही थेंब सोडावेत. हे तेल रिमवर किंवा ब्रेकच्या रबरावर पडू देऊ नये.

जोर लावताच साखळी दातांवरून घसरत असेल, तर साखळी व चक्रे झिजलेली असू शकतात. साखळीच्या २४ कड्यांची मूळ लांबी १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर असते. ती १/१६ इंचाने वाढली की साखळी बदलावी. १/८ इंचाने वाढली असल्यास मागील चक्रेही सहसा निकामी झालेली असतात आणि त्यांवर घातलेली नवी साखळी अधिकच घसरते.

सायकल उजव्या बाजूवर पडली असल्यास डिरेलर ज्या पट्टीवर टांगलेला असतो ती आत वाकते. मागून पाहताना डिरेलरच्या दोन पुल्या चक्रांना समांतर दिसल्या पाहिजेत. पोलादी पट्टी काळजीपूर्वक सरळ करता येते. ॲल्युमिनियमची मात्र तसे करताना तुटण्याचा संभव असतो. पट्टी वाकडी असताना केलेली इतर सर्व जुळवणी व्यर्थ जाते.

पुढच्या डिरेलरचा पिंजरा मोठ्या चक्राच्या दातांपासून १ ते ३ मिलिमीटर वर व चक्राला समांतर असावा.

सुटे भाग

सहा व सात चक्री फ्रीव्हील आणि साखळ्या आजही तयार होतात, त्यामुळे जुनी सायकल सहसा दुरुस्तीयोग्य असते. तथापि कळ व मागचा डिरेलर एकाच पद्धतीचे असावे लागतात. स्रॅमच्या काही कळी शिमानोच्या कळीपेक्षा दर टप्प्यास बरीच अधिक तार ओढतात आणि अशी जोडी कोणत्याही ताणावर जुळत नाही. फ्रीव्हील चाकाच्या तुंब्यावर आट्यांनी बसते, तर कॅसेट खाचांच्या नळीवर सरकवून बसवतात. एकाच्या जागी दुसरे बसत नाही.