जमिनीतली टाकी आणि नदीचं पाणी : थोडा जुना इतिहास



जुलै लागला की हेंद्रेपाड्यापासून वांगणीपर्यंत उल्हासच्या काठाला एक तक्रार हमखास ऐकू येते. जमिनीतली टाकी पाझरते. उन्हाळ्यात उपसली तर खडखडीत कोरडी, पावसाळ्यात उपसली तर सकाळी तळाला वीतभर पाणी. मग वॉटरप्रूफिंगची पावडर येते, आतून सिमेंटचा हात फिरतो आणि पुढच्या जुलैत पुन्हा तेच. बाहेरचं पाणी म्हणजे पुराचं, गटाराचं, शेतातल्या खता-औषधाचं. तेच घरात प्यायला जातं, म्हणून हा विषय नुसत्या बांधकामाचा नाही.

आपल्याकडं हे काम नवीन नाही. अंबरनाथचं शिवमंदिर बघा. शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इ.स. १०६०. शिलाहारांच्या काळातलं हे काम. शेजारून वालधुनी वाहते, आणि तरी गाभारा सभामंडपापासून वीसेक पायऱ्या खाली, जमिनीच्या पोटात. नदीकाठी जमिनीखाली बांधायचं तर बांधकाम जड हवं आणि सांधा नेमका हवा, हे त्या काळ्या दगडांकडं बघितलं की कळतं.

आता आपली जुनी विहीर घ्या. कडेचं दगडी बांधकाम बरेचदा कोरडं, मधे चुना नाही. गवंड्याला चुना माहीत नव्हता असं नाही. विहिरीला पाणी आत यायला हवंच असतं, आणि दुसरं म्हणजे, मागून येणाऱ्या पाण्याला फटीतून वाट मिळाली की भिंतीवर दाब साठत नाही. बंद भिंत फुगते, ढासळते. शेताच्या बांधाला पाणी जायला मोरी ठेवतात, त्यातलंच हे शहाणपण.

पाणी साठवायचं असेल तिथं मात्र चुना लागायचा. बैल जुंपलेली चुन्याची घाणी, गोल चरातून फिरणारं दगडी चाक, आणि चुन्यात मिसळलेली सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी. नुसता चुना हवेवर सुकतो, ओल्यात कच्चाच राहतो. सुरखी घातली की तो पाण्याखालीही धरतो, कारण भाजलेल्या मातीतली सिलिका चुन्याशी जुळून घट्ट होते. रोमन लोकांनी ज्वालामुखीची राख घालून समुद्रात धक्के बांधले, ती युक्ती हीच.

इंग्लंडात जॉन स्मीटननं १७५६ ते १७५९ मध्ये एडिस्टनचं दीपगृह भर समुद्रातल्या खडकावर उभारलं. त्यासाठी चुन्यांचे प्रयोग करताना त्याला दिसलं की ज्या चुनखडीत चिकणमातीचा अंश असतो, तिचा चुना पाण्यात घट्ट होतो. पुढं १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिननं पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं. आपल्या देशात १९१४ मध्ये पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला आणि हळूहळू घाण्या बंद पडल्या.

सिमेंटनं काम झटपट केलं, आणि बांधकाम बारीकही केलं. जिथं दोन-तीन फूट जाडीची भिंत असायची तिथं सळई घालून सहा इंची आली. भिंत हलकी झाली. आणि पाणी हलक्या वस्तूला उचलतं.

हा धडा जगाला महागात शिकावा लागला. २७ एप्रिल १८९५ ला फ्रान्समध्ये बूझे नावाचं दगडी धरण फुटलं, ऐंशीहून जास्त माणसं गेली. धरणाच्या अंगात शिरलेलं पाणी खालून वर रेटतं, हा हिशोब धरलेलाच नव्हता. त्यानंतर अभियंते हा वर उचलणारा दाब मोजू लागले. आज मोठ्या काँक्रीट धरणाच्या पोटात गॅलरी असते. झिरपणारं पाणी तिथं गोळा होतं, मोजलं जातं आणि बाहेर काढलं जातं. एवढं मोठं धरण बांधणारेही थेंबभर पाणी येणारच नाही असं धरून चालत नाहीत.

आता आपल्या टाकीचा हिशोब करू. बाहेरून ३ मीटर लांब, २ मीटर रुंद, २ मीटर खोल. भिंती आणि तळ १५ सेंमी, वरचा स्लॅब १० सेंमी. काँक्रीटचं वजन सुमारे साडेनऊ टन. नदी चढली, जमिनीतलं पाणी टाकीच्या काठाला लागलं, तर खालून १२ टनांचा रेटा. टाकी रिकामी असेल तर ती होडीसारखी उचलली जाऊ शकते. कडेची माती थोडी धरून ठेवते, पण ती भिजून सैल झालेली असते. टाकी पुरती उचलली नाही तरी सांधे चिरतात, आणि ती चीर पावडरनं बुजत नाही.

जुलै २०१९ आठवा. बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. अशा दिवसांत टाकी साफ करायला रिकामी ठेवली, तर काय होईल ते वरच्या हिशोबात आहेच.

म्हणून जुन्यांचा क्रम लक्षात ठेवा.

पहिलं, पाण्याला वाट. टाकीभोवती खडी भरून चर काढा आणि तो खालच्या अंगाला सोडा. नदीच चढली की चर उपयोगाचा नाही, पण एरवीचा दाब तोच कमी करतो.

दुसरं, वजन आणि घट्ट अंग. तळ जाड घ्या, भिंतीबाहेर थोडा वाढवा, म्हणजे वरची माती त्याला दाबून धरेल. मालात पाणी कमी घाला. जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागं बारीक छिद्रं ठेवतं. तळ आणि भिंतीच्या सांध्यात वॉटरस्टॉपची पट्टी टाका. पाणी निदान दहा दिवस मारा.

तिसरं आणि शेवटचं, लेप. तोही बाहेरून. मुंबईकडच्या तळघरांना बाहेरून शहाबादी फरशीची पेटी करतात ती याचसाठी. बाहेरचा दाब लेपाला भिंतीवर दाबतो. आतून लावलेल्या लेपाला तोच दाब पापुद्र्यासारखा सोलून काढतो.

आपण नेमका हा क्रम उलटा केलाय. लेप आधी, बाकीचं जमलं तर. टाकी झालेलीच असेल तर चर आत्ताही काढता येतो. आणि पावसाळाभर टाकी भरलेली ठेवा, सफाई मे महिन्यात उरका.

तुमच्या गावात चुन्याच्या घाणीचं चाक अजून पडलेलं असेल तर फोटो टाका. कुणाच्या टाकीत फक्त पावसाळ्यात पाणी येत असेल तर नदीपासूनचं अंतर आणि टाकीची खोली लिहा.

राम राम.