भिंतीवरचे जहाज समुद्रात : ‘कौंडिण्य’ आणि मराठवाड्याचा सागरी वारसा

परभणी जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. पैठणहून खाली येणारी गोदावरी पाथरी, गंगाखेड, पूर्णा या तालुक्यांना स्पर्श करीत पुढे नांदेडकडे जाते, एवढेच काय ते या जिल्ह्याचे मोठ्या पाण्याशी नाते. त्यामुळे सागरी वारसा म्हटला की कोकण, सिंधुदुर्गाचा कोट आणि मराठ्यांचे आरमार आठवते. मराठवाडा कोणाच्याही डोळ्यांसमोर येत नाही. परंतु भारतीय नौदलाच्या ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ या शिडाच्या जहाजाचा आराखडा ज्या चित्रावरून तयार झाला, ते चित्र मराठवाड्यातीलच आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याच्या लेण्यांत रंगविलेले ते पाचव्या शतकातील जहाज आहे.

डोंगरात जहाज कसे आले?

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची बौद्ध कथा चितारलेली आहे. हा पूर्ण शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा. त्याच्या कथेतील जहाजाला उंच डोलकाठ्या, लांबट शिडे आणि दिशा देण्यासाठी वल्ह्यासारखी सुकाणू दाखविली असून मागच्या बाजूला रांजण ठेवलेले दिसतात. समुद्रापासून इतक्या दूरच्या चित्रकाराला हे तपशील रंगवावेसे वाटले, याचे कारण त्या काळच्या व्यापारात शोधावे लागते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, यांचा स्पष्ट उल्लेख आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला पैठण 20 दिवसांच्या वाटेवर, तर तेथून पूर्वेला तेर 10 दिवसांच्या वाटेवर असल्याचे त्यात नमूद आहे. पैठणहून मौल्यवान खडे आणि तेरहून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांत भरून बंदरावर जात असे. तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तींचे साम्य इटलीत इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरातील मूर्तीशी आहे. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याच्या नाण्यांवर तर दोन डोलकाठ्यांचे जहाजच कोरलेले आहे. गोदाकाठचा मुलूख जहाजे बांधत नव्हता. पण जहाजांत भरला जाणारा माल त्याच्या बाजारपेठांतून जात होता.

खिळ्यांऐवजी टाके

‘कौंडिण्य’ची कल्पना अर्थतज्ज्ञ व लेखक संजीव सन्याल यांची. जुलै 2023 मध्ये केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील ‘होडी इनोव्हेशन्स’ यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखालील चमूने जहाजाच्या फळ्या शिवल्या. ‘शिवल्या’ हा शब्द येथे शब्दशः घ्यायचा आहे. फळ्यांच्या कडांना भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना घट्ट आवळल्या जातात. सांध्यांत काथ्या भरून ते नैसर्गिक राळेने बुजवितात. या पद्धतीला ‘टंकाई’ म्हणतात. मराठी वाचकाला त्यावरून ‘टाका’ हा शब्द आठवल्यावाचून राहणार नाही.

अशा जहाजाचे अंग लाटेबरोबर किंचित लवते. वाळूवर वा खडकावर आदळले तरी ते सहजासहजी फुटत नाही. दोर सैल झाला की तेवढा भाग पुन्हा शिवता येतो. मात्र दोर कुजतो, सांधे पाझरतात आणि देखभाल सतत करावी लागते. मार्को पोलोने होर्मुझ येथे पाहिलेल्या अशा जहाजांना नावे ठेवली होती. पोर्तुगीज 1498 मध्ये भारतात आल्यानंतर लोखंडी खिळ्यांची बांधणी पश्चिम किनाऱ्यावर पसरत गेली आणि शिवलेली मोठी जहाजे मागे पडली. ही विद्या उरली ती किनाऱ्यावरील लहान होड्यांपुरती.

नक्कल की अनुमान?

जुन्या जहाजांच्या प्रतिकृती बांधण्याचा प्रघात युरोपात रुळलेला आहे. 1745 मध्ये बुडालेल्या ‘गोथेबोर्ग’ या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाची प्रतिकृती 2005 ते 2007 दरम्यान चीनला जाऊन आली. डच कंपनीच्या ‘बटाविया’ची प्रतिकृती 1995 मध्ये पाण्यात उतरली. वसाहतकालीन जहाजांविषयी दप्तरे, मोजमापे आणि बुडालेले अवशेष उपलब्ध असतात. ‘कौंडिण्य’च्या बाबतीत हाताशी होते ते मुख्यतः एक सपाट चित्र. त्यावरून जहाजाचा घाट ठरविण्याचे काम नौदलाने केले. पाण्यातील वर्तनाच्या चाचण्यांत आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाचे साहाय्य झाले.

म्हणूनच या जहाजाला अजिंठ्याच्या जहाजाची हुबेहूब प्रत समजणे चुकीचे ठरेल. शिडावर गोव्याच्या कदंबांशी निगडित गंडभेरुंड, पुढच्या टोकावर सिंहयाळी आणि डेकवर हडप्पा शैलीचा दगडी नांगर अशी वेगवेगळ्या युगांची चिन्हे त्यावर एकत्र नांदतात. सजावट बाजूला ठेवली तर खरा प्रश्न उरतो तो असा, की चित्रावरून बांधलेले, शिवलेले, इंजिन नसलेले जहाज खुल्या समुद्रात चालेल काय?

पोरबंदर ते मस्कत

फेब्रुवारी 2025 मध्ये जहाज गोव्यात पाण्यात उतरले. 21 मे 2025 रोजी कारवार येथे ते नौदलात दाखल झाले आणि आग्नेय आशियात गेल्याचे मानल्या जाणाऱ्या कौंडिण्य या प्राचीन भारतीय दर्यावर्दीचे नाव त्याला मिळाले. 29 डिसेंबर 2025 रोजी पोरबंदरहून निघालेले हे जहाज 14 जानेवारी 2026 रोजी ओमानमधील मस्कतला पोहोचले. याच सागरात याआधीही असे प्रयोग झाले होते. 1980-81 मध्ये टिम सेव्हरिन यांचे ‘सोहार’ मस्कतहून चीनला, तर 2010 मध्ये ‘ज्युएल ऑफ मस्कत’ सिंगापूरला गेले. दोन्ही जहाजे शिवलेलीच होती.

या प्रवासाने अजिंठ्याचे चित्र तपशीलवार खरे होते असे सिद्ध होत नाही; मात्र तशा जहाजाने अरबी समुद्र ओलांडणे शक्य होते, एवढे निश्चित झाले. हे उत्तर शेवटी मिळाले ते मोजक्या कारागिरांच्या हातांतून. चित्राचे रक्षण पुरातत्त्व खाते करू शकते. फळी कितपत आवळावी आणि दोर कोठे सैल पडतो, हे ज्ञान कोणत्याही भिंतीवर लिहिलेले नाही. ते पुढच्या पिढीने शिकून घेतले नाही, तर अजिंठ्याचे जहाज पुन्हा केवळ चित्र होऊन राहील.