घर पाहावे विकून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. घर पाहावे विकून, असे मात्र कोणी म्हटलेले ऐकिवात नाही. बांधणाऱ्याची फजिती चारचौघांत हसत सांगता येते. विकणाऱ्याने आपली मनातच ठेवावी, अशी आपल्याकडची रीत आहे.

दोन वर्षांपूर्वी वडिलांचे गावाकडचे घर विकण्याची पाळी माझ्यावर आली. भावंडे दूरदूर पांगलेली, कौले दर पावसाळ्यात सरकणारी. एका दलालाकडे गेलो. गृहस्थ मोठे गोड बोलणारे. दलाली दोन टक्के ठरली, चहा आला. बोलता बोलता मी म्हणालो, "परसातून शेजारच्या काकूंची विहिरीवर जायची वाट आहे, बरं का. पन्नास वर्षांची वहिवाट आहे ती."

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मास्तर, ते तेवढं बोलू नका. एकदा खरेदीखत झालं की ज्याचं तो पाहील."

मी 'विचार करतो' म्हणून उठलो. शाळेत इतिहास शिकवतो, तेव्हा विचार कसला करणार? जुनी पुस्तके काढून बसलो. दलालांच्या पेढ्या नव्हत्या तेव्हा लोक घरे विकत तरी कशी, हे पाहावे म्हटले.

पहिले उत्तर मिळाले ते थेट कौटिल्याकडे. 'अर्थशास्त्रा'च्या तिसऱ्या अधिकरणात घरजमिनीच्या विक्रीचा नियम आहे. विकत घेण्याचा पहिला मान भाऊबंदांचा, मग शेजाऱ्यांचा, मग सावकारांचा, परका त्यानंतर. विक्री व्हायची ती घराच्या दारासमोर, शेजारपाजारच्या चाळीस कुळांच्या साक्षीने. मालकाने सीमा सांगायच्या, किंमत सांगायची आणि 'या किमतीला कोण घेतो?' असे तीनदा पुकारायचे. तीन पुकाऱ्यांत कोणी हरकत घेतली नाही, तर घेणाऱ्याचा मार्ग मोकळा. चढाओढीने किंमत वाढली, तर ती वाढ विकणाऱ्याच्या पदरात न पडता राजाच्या खजिन्यात जाई! हे वाचून आजच्या कोणा घरमालकाला हुरूप येईलसे वाटत नाही. परंतु त्या पुकाऱ्यातले मर्म ध्यानात घ्यावे. ज्यांना त्या घराची खोड ठाऊक, त्यांच्याच समोर ते विकायचे. शेजारी कान देऊन उभा असताना त्याची वाट कोण लपवील?

पुढे मराठेशाहीत या चाळीस कुळांची जागा गोताने घेतली. मिरासीची जमीन किंवा वतन दुसऱ्याच्या हाती जायचे, तर पाटील, कुलकर्णी आणि गावचे बलुतेदार यांच्या साक्षीने कागद होई. मोडीतले ते कागद आजही दप्तरखान्यांत आहेत. लिहिता न येणाऱ्यांनी त्यांवर आपापली निशाणी केलेली दिसते. पाटलाच्या नावाजवळ नांगर, इतरांच्या नावांजवळ त्यांच्या धंद्यातले एखादे हत्यार. माणूस जणू आपल्या पोटापाण्याची आण घेऊन म्हणे, हा व्यवहार मी पाहिला आहे. उद्या तंटा झाला, तर सारे गोत पुन्हा बसे आणि आठवणीतून निवाडा करी.

1818 साली पेशवाई गेली. नवे राज्य परक्यांचे. त्याला आठवणीवर भागवता येईना. कोण कोणाचा भाऊ आणि कोणाची वाट कुठून, हे साहेबाला कसे कळावे? गोताच्या ठिकाणी आता दप्तर आले. 1864 साली सरकारने शंभर रुपये व त्यावरील स्थावराच्या विक्रीची नोंदणी सक्तीची केली. 1882 साली मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा झाला. तो आमच्या मुंबई इलाख्याला 1893 पासून लागू झाला. आज चालतो तो नोंदणीचा कायदा 1908 सालचा. गंमत अशी की, शंभर रुपयांचा तो आकडा अजून तसाच आहे! तेव्हा शंभर रुपये ही मोठी रक्कम होती. आज दाराला बरे कुलूपही येत नाही.

हे कायदे मी मन लावून वाचले आणि दोन गोष्टींनी थक्क झालो. पहिली ही की, त्यांत विकणारा आहे, घेणारा आहे, दुय्यम निबंधक आहे, पक्षकारांची ओळख पटवणारी माणसे आहेत. मध्यस्थावाचून मात्र कोणाचे काही अडत नाही. नोंदणीची सूची कोणीही फी भरून पाहावी, अशी सोय कायद्यानेच केली आहे. गावातल्या चाळीस कुळांचे कान त्या जाड वह्यांत जाऊन बसले, म्हणा ना.

दुसरी गोष्ट 1882 च्या कायद्याच्या 55 व्या कलमात आहे. घराचा किंवा मालकीचा मोठा दोष, जो घेणाऱ्याला साध्या तपासणीत दिसणार नाही आणि आपल्याला ठाऊक आहे, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. उलट, विकणाऱ्याच्या हक्काची किंमत वाढवणारी एखादी गोष्ट घेणाऱ्यालाच ठाऊक असेल, तर ती त्यानेही लपवू नये. सत्य बोलण्याचा भार दोघांवरही टाकला आहे.

दलाल मंडळींवर माझा राग नाही. शहरात माणूस माणसाला ओळखत नाही, तिथे ओळख विकणारा लागतोच. नव्या प्रकल्पांतली घरे विकणाऱ्या दलालांना 2017 पासून नोंदणीही करावी लागते, हे बरेच झाले. पण आपल्या जिभेवरचे ओझे दोन टक्क्यांत दुसऱ्याच्या खांद्यावर देता येत नाही, एवढे मला कळले.

मग मीच दारावर पाटी लावली. मिळकतपत्रिकेचा उतारा काढला, वकिलांकडून तीस वर्षांचा शोध घेतला, भावंडांच्या सह्या गोळा केल्या. एस. टी.तून निवृत्त झालेले एक गृहस्थ घर पाहायला आले. त्यांना आधी सरकणारी कौले दाखवली, मग परसातली वाट.

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फीत घेऊन आले, वाट मोजली, कागदावर आकडेमोड केली आणि तेवढी किंमत कमी करून मागितली. मी दिली. वाचलेली दलाली आणि उतरलेली किंमत यांचा मेळ घातला, तर जवळजवळ बरोबरी झाली. माझा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "मग दादा, मिळवलंस काय?"

त्याला मी खरेदीखताची नक्कल पाठवली. त्यात पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस अशी चतुःसीमा लिहिली आहे. तिच्याखाली एक ओळ अधिक आहे: परसातील वाटेवर शेजारच्या घराचा वहिवाटीचा हक्क असून तो लिहून घेणार यांस मान्य आहे.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. आमच्या घराच्या, म्हणजे आता त्यांच्या घराच्या, ओसरीवर पणत्या होत्या. मी आत गेलो नाही. परक्याच्या घरी न बोलावता कसे जायचे? पण बोळातून परस दिसत होते. काकू कळशी घेऊन विहिरीकडे चालल्या होत्या, आणि त्यांना पाय ठेवायला दिसावे म्हणून वाटेच्या वळणावर कोणीतरी एक पणती ठेवली होती.