वायपरचा विराम

पावसाची सर ओसरून नुसती भुरभुर उरली की मोटारीच्या वायपरचा खरा स्वभाव कळतो. मुसळधार पावसात निमूट फिरणारे पाते आता थरथरते, उड्या मारते, कर्कश कुरकुरते. भरपूर पाणी असते तेव्हा ते रबर आणि काच यांच्यामध्ये वंगणाचे काम करते. काच अर्धवट सुकली की रबर क्षणभर चिकटते, ताणले जाते, सुटते आणि पुन्हा चिकटते. त्यावरचे उपाय ठरलेले आहेत. काचेवरचा तेलकट थर धुऊन काढावा, पात्याची धार ओल्या फडक्याने पुसावी, रबर कडक झाले असेल तर बदलावे. थरथर एकाच दिशेला होत असेल तर वायपरच्या दांड्याला पडलेला पीळ काढावा; धार काचेला काटकोनात टेकली तरच परतताना ती दुसऱ्या अंगावर सहज कलंडते. परंतु पाते, काच, दांडा सारे ठीक असूनही भुरभुरीत आवाज येतो, तेव्हा दोष एकच असतो: वायपर गरज नसताना फिरतो आहे. या दोषाला इतिहास आहे.

पहिल्या वायपरमध्ये तो नव्हता. अलाबामातील मेरी अँडरसन यांनी न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात ट्रामचालकाला समोरची काच उघडून, बर्फाचा मारा सोसत गाडी हाकताना पाहिले. १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना पेटंट मिळाले: आत एक दांडी, बाहेर रबराचे पाते. दांडी हाताने फिरवायची, म्हणजे काच ओली झाली की हात चाले, एरवी थांबे. १९०५ साली एका कॅनेडियन कंपनीने या कल्पनेला व्यापारी मूल्य नाही असे कळवले. १९२०मध्ये पेटंटची मुदत सरली. अँडरसन यांच्या पदरी काही पडले नाही.

पुढे वायपर इंजिनाच्या निर्वातावर चालू लागले (चढावर नेमके मंदावत), मग विजेच्या मोटरवर. सोय झाली, पण हाताला जे कळत होते ते मोटरला कळेना. वेग ठरलेला, विराम नाही.

हा विराम परत आणला डेट्रॉइटच्या रॉबर्ट कर्न्स यांनी. १९५३ साली, लग्नाच्या रात्री, शॅम्पेनचे बूच उडून त्यांचा डावा डोळा जवळजवळ गेला होता. रिमझिम पावसात एकसारखे फिरणारे वायपर त्यांना जाचत. पापणी सतत हलत नाही, थांबून मिटते, तसे पाते का थांबू नये, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी विरामाचे विद्युतमंडल रचले, १९६३ साली फोर्डच्या अभियंत्यांना दाखवले आणि १९६७ साली पेटंट मिळवले. १९६९मध्ये फोर्डने स्वतःचे विराम घेणारे वायपर बाजारात आणले.

१९७८ साली कर्न्स न्यायालयात गेले. फोर्डचे म्हणणे, यातले सुटे भाग आधीपासून सर्वांना ठाऊक होते, मग नवे ते काय? साहित्याच्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद फार दुबळा वाटेल. ओवी ज्ञानेश्वरांच्या आधीपासून होती, म्हणून ज्ञानेश्वरी कोणी आधीच लिहिली होती असे आपण म्हणत नाही. १९९०मध्ये ज्यूरीने पेटंटचा भंग मान्य केला, मात्र तो जाणूनबुजून केल्याचे मानले नाही. फोर्डने सुमारे १ कोटी २ लाख डॉलर देऊन तडजोड केली. क्रायस्लरविरुद्धचा खटलाही कर्न्स यांनी जिंकला. तोवर त्यांचा संसार मोडला होता, आणि हे वायपर स्वतःच्या कारखान्यात बनवायचे राहूनच गेले होते.