जनुकीय विविधता मापन, वन्य गवतांतील
वन्य गवताच्या एकाच जातीतील आनुवंशिक भेद मोजण्याची पद्धत.

उगम : या मापनाचा गणिती पाया १९०८ मधील हार्डी–वाइनबर्ग नियमात आहे (पहा : समष्टी आनुवंशिकी). १९६६ मध्ये लेवाँटिन व हबी यांनी फळमाशीच्या प्रथिनांतील भेद विद्युत्‌संचारणाने मोजले. भारतात चाऱ्याच्या गवतांवरील असे काम झाशी येथे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्थेत चालते.

वैशिष्ट्ये : निरनिराळ्या ठिकाणांची ठोंबे एकाच शेतात लावल्याने मातीपाण्यामुळे पडणारा फरक वगळता येतो. पानांतील डीएनएचे ठरावीक खंड पीसीआर तंत्राने वाढवून जेलवर उमटणाऱ्या पट्ट्यांची तुलना करतात. अंजन व मारवेल या गवतांत बी बहुधा फलनावाचून धरते (पहा : असंगजनन), त्यामुळे दाट कुरणातही मोजकेच जनुकीय प्रकार असू शकतात. मारवेलमध्ये गुणसूत्रे २०, ४० किंवा ६० आढळतात. म्हणून त्यांचीही गणना करतात.

महत्त्व : बीजसंग्रहासाठी नमुने निवडणे, एकाच प्रकाराचे दुहेरी जतन टाळणे आणि संकरासाठी लैंगिक प्रजनन करणारी ठोंबे शोधणे, यांसाठी हे मापन वापरतात (पहा : जननद्रव्य संवर्धन).