यंत्र तेच, मेंदू नवा

आपल्या तुकडीतल्या काहींनी आठवीत टेक्निकल घेतले, पुढे आयटीआय किंवा डिप्लोमा करून कारखान्याची वाट धरली. माझ्यासारखे काही संगणकाकडे वळले. या दोन्ही वाटा जिथे मिळतात असा विषय स्मरणिकेसाठी निवडला आहे: जुन्या मिलिंग मशीनला संगणकाचे नियंत्रण बसवणे, म्हणजे रेट्रोफिटिंग. नवे सीएनसी परवडत नाही म्हणून केलेली तडजोड, अशीच या कामाची ओळख आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. आकड्यांवर चालणाऱ्या मिलिंग मशीनची सुरुवातच मुळी रेट्रोफिटने झाली.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स यांच्या कारखान्यात हेलिकॉप्टरची पाती बनत. पात्याचा आकार तपासायला अचूक वक्राकार साचे लागत. फ्रँक स्टुलेन या त्यांच्या इंजिनिअरने पंचकार्डवर चालणाऱ्या आयबीएमच्या गणनयंत्रावर त्या वक्ररेषेवरचे 200 बिंदू काढले. मग एक कामगार कागदावरचे आकडे मोठ्याने वाचायचा आणि दुसरे दोघे एकेका अक्षाचे हँडल फिरवून कटर त्या बिंदूवर न्यायचे. हे आकडे यंत्रानेच वाचले तर, असा विचार पार्सन्स यांनी केला.

1949 मध्ये अमेरिकी हवाई दलाने त्यांना हे काम दिले. पार्सन्स यांनी एमआयटी या संस्थेच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेला सोबत घेतले आणि पुढे प्रकल्पाची सूत्रे तिकडेच गेली. प्रयोगशाळेने नवे यंत्र घडवले नाही. सिनसिनाटी कंपनीचे हायड्रो-टेल हे तयार मिलिंग मशीन घेतले आणि त्याच्या तिन्ही अक्षांना सर्व्हो जोडले. शेजारी नियंत्रकाची कपाटे उभी राहिली. त्यांत शेकडो व्हॅक्यूम ट्यूब आणि रिले होते. कागदी पट्टीवरच्या भोकांतून आकडे वाचले जात, त्यांचे विद्युत स्पंद होत आणि एका स्पंदाला यंत्र 0.0005 इंच सरके. सप्टेंबर 1952 मध्ये त्याचे प्रात्यक्षिक झाले. नियंत्रक जवळजवळ यंत्राएवढाच मोठा होता!

त्याच काळात दुसरा एक मार्गही उपलब्ध होता. जनरल इलेक्ट्रिकने 'रेकॉर्ड-प्लेबॅक' पद्धत विकसित केली होती. कुशल कारागिराने पहिला नग हाताने करायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय टेपवर उतरवायच्या आणि पुढचे नग यंत्राने त्यावरून काढायचे. हेलिकॉप्टर-विमानांचे गुंतागुंतीचे आकार हाताने काढणेच अवघड, म्हणून एमआयटीची पद्धत सरस, असे तिचे समर्थक म्हणत. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी 1984 च्या 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या पुस्तकात वेगळे कारण पुढे आणले. कामाचे ज्ञान आणि कामाचा वेग कारागिराच्या हातून काढून ऑफिसकडे नेण्याची व्यवस्थापनाची इच्छाही या निवडीमागे होती, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे असे मला वाटते. परिणाम मात्र स्पष्ट आहे: हँडलवरचा माणूस आणि प्रोग्राम लिहिणारा माणूस वेगळे झाले. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात एमआयटीतच डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली 'एपीटी' ही प्रोग्रामिंग भाषा तयार झाली आणि ही फारकत पक्की झाली. माझा व्यवसाय त्याच फारकतीतून आलेला आहे.

पुढे ट्यूब गेल्या, ट्रान्झिस्टर आले, 1970 च्या दशकात मिनीकॉम्प्युटर आणि मायक्रोप्रोसेसर आले. इलेक्ट्रॉनिक्सची पिढी काही वर्षांत जुनी होते. बिडाचा सांगाडा नीट वापरला तर पन्नास वर्षेही टिकतो. म्हणूनच रेट्रोफिटची गरज कधी संपली नाही. 1990 च्या दशकात अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने साध्या पीसीवर चालणारे नियंत्रण सॉफ्टवेअर बनवले आणि ते सर्वांसाठी खुले ठेवले. त्यातूनच आजचे लिनक्ससीएनसी आले. लहान वर्कशॉपलाही त्यामुळे हे काम आवाक्यात आले.

पण सॉफ्टवेअर फुकट मिळाले म्हणून यंत्र चालत नाही. जुन्या मशीनच्या स्क्रू आणि नटमध्ये झिजेमुळे थोडी ढिलाई असते. त्याला बॅकलॅश म्हणतात. हँडलची दिशा बदलली की चाक थोडे फिरते, टेबल मात्र जागचे हलत नाही. अनुभवी ऑपरेटर मापावर नेहमी एकाच बाजूने येतो, म्हणून ही ढिलाई त्याला नडत नाही. संगणकाला हे ठाऊक नसते. त्याच्यासाठी बॉलस्क्रू बसवावा लागतो, नाहीतर ढिलाई मोजून सॉफ्टवेअरमध्ये भरावी लागते. कोणत्या मशीनचे टेबल मध्यावर जास्त झिजले आहे, कुठली गिब किती आवळायची, हे ज्याने ते मशीन वर्षानुवर्षे चालवले तोच सांगू शकतो. चांगले रेट्रोफिट त्याला विचारून होते. 1950 च्या दशकात तुटलेला संवाद इथे पुन्हा जुळतो.

आपल्या तुकडीतले कारखान्यात गेलेले मित्र आता पन्नाशीकडे चालले आहेत आणि हातमशीनवर शिकलेली आपली कदाचित शेवटचीच पिढी. त्यांना माझी एक विनंती आहे. हाताला कळलेल्या या गोष्टी लिहून ठेवा. लिहायचा कंटाळा असेल तर मला फोन करून सांगा, मी टाइप करीन. पुढच्या स्मरणिकेत त्यांना जागा मिळायलाच हवी.